अण्णाच्या दुकानात कुणी मरत नसे

माझ्या अकरा कथांमध्ये मिळून नऊ माणसं आणि एक म्हैस मरते. ही मोजणी माझी नव्हे. माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, एका रविवारी जेवण झाल्यावर ती बोटांवर केली होती. म्हशीपाशी आल्यावर त्याचं दहावं बोट मिटलं. मग दोन्ही मुठी माझ्यापुढे धरून तो म्हणाला, "आता पुरे कर बाई. ह्याच्यापुढं कुणाला मारलीस तर मला पायाची बोटं काढावी लागतील."

अण्णाला जाऊन आता चार महिने होतील.

धारवाडात आम्हा मराठी वाचणाऱ्यांचं एक छोटं मंडळ आहे. महिन्यातून एकदा तेरा-चौदा जण जमतो. बहुतेक निवृत्त. चहा वेळेवर येतो, पुस्तकावर बोलणं जमलं तर होतं. या मंडळानं माझ्या कथांचं एक लहानसं पुस्तक काढायचं ठरवलं आणि मृग लागायच्या आत बारा कथा द्या म्हणून सांगितलं. मी म्हटलं, अकरा आहेत. तर आमचे अध्यक्ष म्हणाले की अकरांचा संघ होतो, पुस्तक होत नाही.

बारावी कथा माझ्याकडे होती. तिला शेवटही होता. पण तो मला छापायचा नव्हता. त्याच कथेचा दुसरा शेवट अण्णानं त्याच्या दुकानात कुणाला तरी सांगितला असणार, याची मला खात्री होती. मला तो हवा होता. पुस्तकासाठी हवा होता असं मी सगळ्यांना सांगत होते, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

अण्णाचं साड्यांचं दुकान हुबळीत कमरीपेठेत आहे. वडिलांनी सुरू केलेलं. आमचं मूळ घराणं सांगलीकडचं, घरात मराठी. पण अण्णा शिकला कन्नड शाळेत, आणि मला लहानपणीच आत्याकडे सांगलीला ठेवल्यामुळे मी शिकले मराठीत. नोकरी लागली ती धारवाडच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांना क्रमांक घातले, मधूनमधून स्वतःच्या कथा लिहिल्या. लग्न केलं नाही. रविवारी मात्र बसनं हुबळीला अण्णाकडे जेवायला. हा नेम कधी चुकला नाही.

अण्णाला देवनागरी वाचता येत असे, पण स्टेशनवरची पाटी वाचावी तशी. एकेक अक्षर, आणि पोचलो एकदाचे, असा चेहरा. म्हणून जेवणानंतर मी कथा मोठ्यानं वाचायची आणि त्यानं तक्क्याला टेकून ऐकायची. ऐकताना तो सुपारी कातरायचा. अडकित्ता थांबला की समजायचं, कथा लागली. माझ्या अकरा कथांत अडकित्ता एकूण तीन वेळा थांबला. त्यातल्या एका वेळी सुपारी संपली होती.

त्याचा सगळ्यात जुना आक्षेप जेवणाबद्दलचा होता.

"तुझ्या कथेतली माणसं जेवत का नाहीत गं?"

"म्हणजे?"

"म्हणजे खिडकीत बसतात. आभाळाकडे बघतात. जुनी पत्रं काढतात, परत ठेवतात. एकानं तरी ताट घेतलंय का आजपर्यंत? दिवसच्या दिवस उपाशी राहिल्यावर मरतील नाहीतर काय करतील?"

मी म्हणायची की साहित्यात सगळं दाखवायचं नसतं. तो म्हणायचा, "दाखवू नको. वाढ तरी."

त्या वेळी मी रागावत असे. आता अकराही कथा पुन्हा वाचून काढल्या. एका कथेत एक बाई चहा करायला ठेवते, पण तेवढ्यात तार येते आणि चहा उकळून जातो. बाकी कुणाच्या घशाखाली काहीही उतरलेलं नाही.

वाचून झालेली कथा अण्णा दुकानात घेऊन जाई. कागद नव्हे, नुसती कथा. यामागे त्याच्या धंद्याचं कारण होतं. आमच्याकडे लग्नाच्या कपड्यांच्या खरेदीला जवळी म्हणतात. महाराष्ट्रात ज्याला बस्ता म्हणतात ती. जवळीला एक बाई येत नाही, घर येतं. पंधरा-वीस माणसं गादीवर बसतात, आणि त्यातल्या दोघींचं एकमेकींशी पटत नसतं. साड्यांचा ढीग चढत जातो. निवड अडली, आवाज चढायला लागले, की अण्णा घडी मोडता मोडता म्हणायचा, "ते राहू द्या, आमच्या नवलगुंदाकडं एक म्हैस होती, तिची गोष्ट ऐकलाय काय?" निम्मी मराठी, निम्मी कन्नड. ऐकणारे पुढे सरकायचे. "मुंद?" म्हणायचे, म्हणजे पुढे काय. आणि तेवढ्यात अण्णा पुढची साडी उलगडायचा.

तो गोष्टी सांगतो हे मला ठाऊक होतं. तो त्यांचं काय करतो हे ठाऊक नव्हतं. एकदा कॉलेजच्या सुट्टीत दुकानात जाऊन बसले, तेव्हा माझी म्हशीची कथा चालली होती. माझ्या कथेत म्हैस विहिरीत पडून मरते आणि म्हातारा त्यानंतर बोलणं सोडतो. अण्णाच्या कथेत गावानं दोर लावून म्हैस वर काढली, महिन्याभरात तिला रेडकू झालं, आणि म्हातारा इतका बोलायला लागला की सूनबाई माहेरी निघून गेली. दुकान हसत होतं. मी कोपऱ्यात बसून रागानं लाल झाले होते.

गिऱ्हाईक गेल्यावर मी भांडले. "दोन वर्षं लागली मला त्या शेवटाला!"

"मग? तुझा शेवट तुझ्या कागदावर आहे की. मी कुठं खोडलाय?"

"पण ती कथा दुःखाची आहे, अण्णा."

"हे बघ. ती माणसं लग्नाची साडी घ्यायला आलीत. हळदीच्या अंगाला लागणारं कापड आहे ते. त्यांना रडवून पायरी उतरवू? ह्या दुकानात कुणी मरत नाही. ना माणूस, ना म्हैस."

हा त्याचा नियम होता. दुसरा नियम शुक्रवारचा. साडीला फॉल लावून कधी मिळेल, असं कुणीही विचारलं की अण्णा सांगायचा, "शुक्रवारी नक्की." फॉल लावायचं काम वहिनी करत. दुकानाच्या मागच्या बाजूला, पडद्याआड, शिवणयंत्रावर. एका माणसाच्या हातानं इतक्या साड्या शुक्रवारी होणं शक्य नव्हतं, हे वहिनींना माहीत, अण्णाला माहीत, आणि कमरीपेठेतल्या बहुतेक बायकांनाही माहीत. तरी त्या शुक्रवारी येत. साडी नसेच, गोष्टीचं राहिलेलं टोक ऐकून जात.

गेल्या वर्षाअखेर अण्णाच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी तूप बंद केलं. वहिनी तर डॉक्टरांहून कडक. भातावर तुपाचा रिकामा चमचा नुसता फिरवायच्या. अण्णा म्हणायचा, "वासाचा पण हप्ता बांधलाय काय?" मग ऑपरेशनचा दिवस ठरला.

आणि मी, दुसरं काही सुचेना म्हणून, कथा लिहायला बसले. आता सांगायला लाज वाटते. घरात दुखणं आलं की बाकीची माणसं डबा घेऊन येतात, मी कागद घेऊन बसते.

कथा अशी होती. अळणावरात लाकडाच्या वखारीतला एक म्हातारा कारकून. एकटाच राहतो. आजारी पडतो. हुबळीच्या दवाखान्यात जायला निघतो तेव्हा घराला कुलूप लावून किल्ली शेजारणीकडे देतो आणि सांगतो, "शुक्रवारी येतो." शेजारीण किल्ली खिळ्याला अडकवते. माझ्या शेवटात ती किल्ली तिथंच राहते. पावसाळा येतो, किल्ली गंजते, भिंतीवर तिचा तपकिरी ठसा उमटतो. शेजारीण भिंत सारवते, पण ठशाभोवतीनं.

रविवारी मी ही कथा वाचायला घेतली. कारकून गाडीत बसेपर्यंत वाचली. अडकित्ता केव्हाच थांबला होता. पुढचं पान मात्र वाचलं नाही. ते पान मी उलटं करून मांडीखाली ठेवलं.

"आणि?" अण्णा म्हणाला.

"शेवट अजून लिहिला नाही."

त्यानं माझ्या मांडीखालून डोकावणाऱ्या कागदाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"वखारीतला कारकून," तो म्हणाला. "टोपी बदललीस, डोकं माझंच ठेवलंस."

मी मांडीखालचा कागद आणखी आत सरकवला.

"शुक्रवार म्हणायला अळणावरचा माणूस कशाला पाहिजे? अख्ख्या कमरीपेठेत विचार, शुक्रवार कुणाचा ते." मग अडकित्ता पुन्हा चालू करत म्हणाला, "बरं. तुझ्याकडं शेवट नाही ना? मग मी घालतो."

पुढचे आठ-दहा दिवस तो दुकानात जातच होता. मग एका सोमवारी दवाखान्यात भरती झाला. जाताना पडद्याआड वाकून वहिनींना म्हणाला, "त्या सात साड्यांचे फॉल तेवढे शुक्रवारपर्यंत कर. ह्या वेळी खरंच सांगितलंय लोकांना." ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी तो गेला. गुरुवार होता.

सुतकाचे दिवस संपेपर्यंत घरी माणसांची रीघ होती. कमरीपेठेतल्या बायका यायच्या, वहिनींपाशी बसून रडायच्या, आणि उठताना माझ्याकडे वळून माझ्याच कथांची चौकशी करायच्या. "तुम्हीच काय त्या बहीण? त्या रेडकाचं नाव काय ठेवलं हो शेवटी?" एकीनं मला विचारलं, ती टपालवाल्याशी लग्न झालेली मुलगी आता कुठे असते. माझ्या कथेत ती मुलगी तापानं जाते. मी म्हटलं, "हावेरीला." बाई समाधानानं गेली. माझ्या कथांना मराठी वाचक दीडशे-दोनशे मिळाले असतील. पण इथं, मी न लिहिलेल्या शेवटांसकट, त्या घरोघरी पोचलेल्या होत्या.

तेव्हाच मनात आलं. कारकुनाची गोष्ट त्यानं त्या आठ-दहा दिवसांत नक्की सांगितली असेल. मग कारकुनाचं काय केलं त्यानं? स्वतःला कसा परत आणला? ते मला कळायला हवं होतं. तो आला नव्हता. निदान कसा येणार होता, तेवढं तरी.

आधी वहिनींना विचारलं. दुकान पुन्हा उघडलं होतं. वहिनी पडद्याआड यंत्रावरच होत्या.

"मला काय विचारताय, वन्सं," त्या म्हणाल्या. लग्न होऊन आल्यापासून त्या मला वन्सं म्हणतात. "तीस वर्षं मी ह्या पडद्यामागं बसून अर्धीच गोष्ट ऐकलीय. गोष्ट रंगात आली की नेमका काठ यायचा. काठाला यंत्र थांबवता येत नाही. घर्रर्र सुरू केलं की संपलं. पुन्हा कान देते तोवर सगळे हसत असायचे."

"मग नंतर विचारायचं की त्याला."

"विचारायची. तर म्हणायचे, शुक्रवारी सांगतो."

आम्ही दोघी हसलो, आणि मग वहिनींनी यंत्राच्या चाकावर हात ठेवून बराच वेळ तो उचलला नाही.

दुकानातले मामा, वडिलांच्या वेळेपासूनचे सेल्समन, त्यांना मात्र आठवत होतं. "वखारीच्या कारकुनाची ना? सांगितली की, अक्का. अळणावरकडच्या जवळीला. वैशाखातलं लग्न. त्यांच्यात नवरीची एक आत्या होती, बापरे. चाळीस साड्या बाजूला सारल्या तिनं. ही मळकी, ती भडक, ही नेसली तर मी तिची आजी दिसेन. अण्णांनी शेवटी हात टेकले आणि गोष्ट काढली."

"शेवट काय केला?"

मामांनी कपाळाला हात लावला. "नेमकं तेव्हा मला वर माळ्यावर पाठवलं. एक्केचाळिसावी आणायला."

आमच्यात वर्ष झालेलं नव्हतं. वर्षाच्या आत लग्नघरी जायचं नसतं. हे मला पाठ होतं, आणि तरी पुढच्या बुधवारी मी धारवाडहून अळणावरच्या बसमध्ये बसले. पिशवीत कथेचे कागद होते, शेवटच्या पानासकट. मामांनी दिलेल्या पत्त्यावर गाव लागलं, घर लागलं. अंगणात दोन बाजांवर सांडगे वाळत होते आणि पाच-सहा बायका पापड लाटत होत्या. मी कट्ट्यापाशीच उभी राहिले. मी कमरीपेठेतल्या साडीवाल्या अण्णांची बहीण, एवढं सांगून म्हटलं, "आत येत नाही. आमच्यात अजून वर्ष झालेलं नाही."

एक उंच, सुकलेली बाई उठून पुढे आली. आत्या हीच, हे विचारावं लागलं नाही. तिनं माझ्या साडीकडे आधी पाहिलं, मग तोंडाकडे.

"तुझ्या भावाच्या दुकानातल्या अकरा साड्या आत गेल्यात," ती म्हणाली. "त्यांना विटाळ नाही आणि तुला कुठला आला? ये. बस. ती साडी मात्र तुला अजिबात शोभत नाही."

मी कट्ट्यावर बसले. पाणी आलं, गूळ आला. मी कारकुनाची गोष्ट काढली तशा लाटणाऱ्या बायका थांबल्या. नवरी मुलगीही दारात येऊन उभी राहिली.

"सांगितली की," आत्या म्हणाली. "किल्ली दिली, शुक्रवारी येतो म्हणाला, गाडीत बसला. आणि ती त्याची बहीण."

"बहीण?" मी म्हटलं. "त्यात बहीण नाही."

"नाही कशी? तिच्यापायी तर हसून पोट दुखलं आमचं. फार शिकलेली बाई. इतकी शिकलेली, की भाऊ उंबऱ्याबाहेर गेला की हिला वाटायचं, गेलाच. लगेच पुस्तक उघडून रडायला बसायची. भाऊ कोपऱ्यावरनं तंबाखू घेऊन परत यायचा, तरी हिचं चालूच."

बायका हसायला लागल्या. मी पदराला हात पुसला. तो ओला नव्हता.

"मग भाऊ काय म्हणाला?"

"म्हणाला, आता मला परत आलंच पाहिजे. जगायची हौस म्हणून नव्हे. हिला खोटी पाडायला."

"आणि आला?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. दुकानात गादीवर पुढे सरकून "मुंद?" म्हणणाऱ्या बायकांसारखा होता.

"तेच तर! तिथंच थांबला मेला," आत्या म्हणाली, आणि दुसऱ्याच क्षणी तिनं जीभ चावली. दोन्ही कानांना हात लावले. "चुकलं गं बाई. तोंडातनं गेलं."

"असू दे," मी म्हटलं. "पुढं?"

"पुढं काय. म्हणाला, शेवट लग्नात येऊन सांगतो. पत्रिका पाठवा. मी म्हटलं, साडीवाल्याला पत्रिका? तर म्हणतो, नाही पाठवली तर शेवट नाही." तिनं मुलीकडे पाहिलं. मुलगी आत जाऊन एक पत्रिका घेऊन आली. वर अण्णाचं नाव होतं, कमरीपेठ, सहकुटुंब. कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलेलं. "छापून आल्या आल्या पहिल्यांदा हीच लिहिली. मग बातमी कळली. आता ही कुणाला द्यायची?"

मी पत्रिका हातात घेऊन बसले. म्हणजे शेवट कुणाकडेच नव्हता. इतक्या बायकांपुढे, गोष्ट इतकी रंगात आणून, त्यानं ते टोकही शुक्रवारवर ठेवलं होतं.

"दुकानातले ते मामा तेव्हा म्हणत होते, गोष्टी तू लिहितेस," आत्या म्हणाली. "मग तुला ठाऊक असणार. सांग की. आला का तो?"

पिशवीत शेवट होता. किल्ली, गंज, भिंतीवरचा ठसा. चांगला लिहिलेला होता, हे आजही म्हणेन. पण समोर हळदीच्या बोटांची मुलगी उभी होती. मला आयुष्यात कागदाशिवाय कथा सांगता आलेली नाही. मी घसा साफ केला.

"शुक्रवार गेला," मी म्हटलं. "शनिवार गेला. पुढचा शुक्रवारही गेला. शेजारणीनं वाट बघायचं सोडलं. आणि एके दिवशी दुपारी तो आला. बारीक झाला होता. किल्ली मागितली. तिनं खिळ्यावरची किल्ली काढून त्याच्या हातात दिली."

"नुसती किल्ली?" आत्या म्हणाली.

"हो."

"दवाखान्यातनं उठून आलेल्या माणसाच्या हातावर नुसती किल्ली ठेवली? कसली शेजारीण ही? आमच्यात असं करत नाहीत."

"तसं नाही," मी घाईनं म्हटलं. "आधी जेवायला बसवलं. मग किल्ली."

"काय वाढलं?"

तीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. एकानं विचारला होता, त्याला मी उत्तर दिलं नव्हतं.

"जोंधळ्याची भाकरी," मी म्हटलं, "आणि…"

"जोंधळ्याची! अळणावरात, भाताच्या मुलखात! आजाऱ्याला!" पापड लाटणाऱ्या सगळ्याच एकदम बोलायला लागल्या. आत्यानं हात वर करून त्यांना गप्प केलं. "पेज वाढली असेल. गरम. आणि लिंबाचं लोणचं, जुनं. लिही तसं."

"पेज वाढली," मी म्हटलं. "आणि जुनं लिंबाचं लोणचं. त्यानं दोन वाट्या घेतल्या. मग किल्ली घेतली आणि कुलूप काढून घरात गेला."

सगळ्या जणी खूश झाल्या. तेवढ्यात नवरी मुलगी, जी आतापर्यंत एक शब्द बोलली नव्हती, दारातून म्हणाली, "आणि ती बहीण?"

मला हे सुचलेलं नव्हतं. म्हणजे मी जुळवून ठेवलेलं नव्हतं. ते तोंडातून आलं.

"तिला कळवायचं राहिलं," मी म्हटलं. "ती अजून तशीच बसलीय. पुस्तक उघडून रडत."

हशा झाला. आत्या मांडीवर थाप मारून हसली. मीही हसले, आणि हसता हसता जे व्हायचं ते झालं. कुणी काही म्हटलं नाही. आत्यानं लाटलेल्या पापडांतले पाच-सहा वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत घातले. पिशवीत हात गेला तेव्हा तिला कागद लागले. "हे काय?" म्हणाली.

"काही नाही. जुनं."

"मग पापड वर ठेव," ती म्हणाली. "नाहीतर मोडतील."

घरी येऊन मी तो शेवट लिहून काढला. अंगणात सांगितला तसा कागदावर येईना. तिथं प्रत्येक वाक्याला कुणीतरी आडवं येत होतं, म्हणून ते चालत होतं. कागदावर कुणी आडवं येत नाही. चार वेळा लिहिला. चौथ्या खेपेला शेजारणीचं बोलणं आत्यासारखं व्हायला लागलं तेव्हा सोडून दिला.

रविवारी हुबळीला गेले. आता आम्ही दोघीच जेवतो. जेवणानंतर वहिनी सवयीनं दुकानात गेल्या. सुट्टीच्या दिवशीही त्या पडद्याआडच बसतात, हातातलं काम संपवायला. मीही गेले. गादी रिकामी होती, तिच्यावर पांढरी चादर. मी कथा वाचते म्हटल्यावर वहिनींनी विचारलं, "पायाचं बोट काढावं लागतंय का?"

"नाही."

"खरंच?"

"ऐका तर."

मी वाचायला लागले. कारकुनानं किल्ली दिली. वहिनींचं यंत्र चालू होतं; समोर काठ होता, हिरवा. कारकून गाडीत बसला. बहीण पुस्तक उघडून बसली, तेव्हा वहिनी हसल्या. शुक्रवार गेला. शनिवार गेला. मी पान उलटलं आणि लक्षात आलं की खोलीत माझ्याशिवाय आवाज नाही. काठ अर्ध्यावर होता. वहिनींनी चाकावर हात ठेवून यंत्र थांबवलं होतं.

मी शेवटपर्यंत वाचलं. पेज, लोणचं, दोन वाट्या, किल्ली, कुलूप. बहिणीला कळवायचं राहिलं.

वहिनींनी अर्ध्या राहिलेल्या काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "खरं वाटत नाही हो, वन्सं."

"मलाही वाटत नाही."

"पण राहू दे." त्यांनी सुईतला दोरा ओढून पाहिला, उगाचच. "त्या बाईनं पेजेवर तूप घातलं होतं का?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"मग घाला," वहिनी म्हणाल्या. "भरपूर घाला." आणि काठ पुरा करायला घेतला.

मी पडद्याशेजारच्या भिंतीला टेकून पेन काढलं आणि पेजेवर तूप घातलं.